वारसाला मुभा किती?

जावा भाषेच्या अधिकृत नियमपुस्तकात ८.४.८.३ क्रमांकाचे एक छोटे कलम आहे. वारस क्लासने मूळ क्लासची मेथड नव्याने लिहिली, म्हणजेच ओव्हरराइड केली, तर कंपायलरने ती कधी मान्य करायची आणि कधी परत पाठवायची, हा त्याचा मुख्य विषय. जेम्स गॉस्लिंग, बिल जॉय आणि गाय स्टील यांनी लिहिलेली या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९९६ची. पुढच्या आवृत्त्यांत कलमाचा क्रमांक सरकला, मजकूर वाढला, पण गाभा तोच राहिला. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी हे कलम शेजारच्या कलमांसह मुद्दे म्हणून पाठ करतात: नाव तेच, पॅरामीटर तेच, रिटर्न टाइप जुळता, अ‍ॅक्सेस कमी करायचा नाही, नवे एक्सेप्शन टाकायचे नाही. तोंडी परीक्षेत एवढ्यावर काम भागते. सावकाश वाचले, की हे पाच मुद्दे एकाच प्रश्नाची पाच उत्तरे आहेत हे दिसू लागते, आणि मग त्यातली कारागिरी उलगडते.

वाचनासाठी एक उदाहरण हाताशी घेऊ. भोकरदन तालुक्यातले शेतकरी मका, सोयाबीन, कापूस पिकवतात. पिंपळगाव रेणुकाईचा बाजार हिरव्या मिरचीसाठी ओळखला जातो. समजा, भोकरदनच्या एखाद्या आडत्यासाठी आपण हिशेबाचा प्रोग्राम लिहीत आहोत. जावात क्लासला आणि मेथडला देवनागरी नावे चालतात, तेव्हा नावेही आपलीच ठेवू. ‘शेतमाल’ हा मूळ क्लास. त्यात ‘पट्टी’ नावाची मेथड: ती ‘काटापावती’ घेते आणि ‘हिशेबपट्टी’ देते. ‘मका’, ‘सोयाबीन’, ‘मिरची’ हे त्याचे वारस. आडत्याचा कोड दिवसभराच्या शेतमालाची यादी घेतो आणि प्रत्येकाला काटापावती देऊन पट्टी मागतो. यादीत पुढे मका येणार की मिरची, हे त्या ओळीला ठाऊक नसते.

खरी गंमत इथे आहे. आडत्याची ओळ तपासताना कंपायलर फक्त ‘शेतमाल’कडे पाहतो आणि परवानगी देतो. प्रोग्राम चालू झाला, की जावाचे यंत्र मात्र समोर आलेल्या मालाची स्वतःची पट्टी चालवते. परवानगी एकाच्या नावावर आणि काम दुसऱ्याच्या हातून, असा हा व्यवहार. मधल्या या फटीत काही बिघडू नये, यासाठी हे कलम आहे. तपासणी होते ती वारस लिहिला जातो तेव्हा, आणि ती होते आडत्याच्या वतीने. आडत्याचा तो कोड दुसऱ्या गावातल्या कोणी तरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला असेल, किंवा अजून लिहिलाही गेला नसेल. गैरहजर माणसाचे हित इतक्या काटेकोरपणे जपणारे नियम कायद्याच्या पुस्तकांतही वारंवार भेटत नाहीत.

आता पहिला घटक, पॅरामीटर. मक्याचा भाव ओलाव्यावर ठरतो; नीट न वाळवता आणलेल्या मक्याला कमी भाव मिळतो. म्हणून मका क्लास लिहिणाऱ्याला साहजिकच वाटते की पट्टीने साधी काटापावती न घेता ‘ओलावापावती’ घ्यावी. ओलावापावती हा काटापावतीचाच वारस, फक्त त्यात ओलाव्याच्या टक्केवारीचा रकाना जास्त. लिहिणाऱ्याच्या बाजूने विचार शंभर टक्के रास्त. पण आडत्याच्या ओळीजवळ जाऊन उभे राहा. त्याच्या हातात साधी काटापावती आहे आणि ‘शेतमाल’ने त्याला सांगितले होते की तेवढी पुरे. ऐनवेळी मका म्हणणार, ‘मला ओलाव्याचा आकडा हवा,’ आणि तो आकडा पावतीवर नसणार. तेव्हा वारसाने मागणी वाढवायची नाही, हा पहिला निष्कर्ष.

जावा इथे काय करते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ती मका क्लास नाकारत नाही आणि ओव्हरराइड म्हणून स्वीकारतही नाही. जावात मेथडची ओळख नाव आणि पॅरामीटरचे प्रकार मिळून ठरते. त्यामुळे ओलावापावती घेणारी ‘पट्टी’ ही तिच्या लेखी वेगळीच मेथड, म्हणजे ओव्हरलोड. मक्याकडे आता दोन पट्ट्या झाल्या. आडत्याची ओळ जुनीच पट्टी चालवत राहते, ओलाव्याची वजावट कधीच होत नाही, आणि प्रोग्राम कुठेही न अडखळता रोज चुकीचा हिशेब देतो. ‘इक्वल्स’ मेथड ‘ऑब्जेक्ट’ऐवजी आपल्याच क्लासचा पॅरामीटर घालून लिहिणारे असंख्य विद्यार्थी याच खड्ड्यात पडले आहेत. २००४च्या जावा ५मध्ये यावर उतारा आला: मेथडच्या डोक्यावर लिहायचा ‘@ओव्हरराइड’. त्याने प्रोग्रामच्या वागण्यात कणभरही फरक पडत नाही. लिहिणारा फक्त आपला हेतू नोंदवतो, आणि हेतू खोटा ठरला तर कंपायलर थांबवतो. तपासणीला आधी काहीतरी दावा लागतो, ही सूक्ष्म गोष्ट त्यात आहे. सी शार्पने ओव्हरराइडसाठी हा शब्द पहिल्यापासून आवश्यक ठेवला, कॉटलिनने तोच कित्ता गिरवला, सी प्लस प्लसने २०११च्या प्रमाणात तो ऐच्छिक म्हणून घेतला आणि पायथनमध्ये तो २०२३च्या ३.१२ आवृत्तीत आला. एका शब्दाची किंमत इतक्या भाषांना इतक्या वेगवेगळ्या वर्षी पटावी, यातच तिचा पुरावा आहे.

आता दिशा उलटी करून पाहू. वारसाने मागणी घटवली तर? सोयाबीनची पट्टी म्हणाली, ‘मला काटापावतीच हवी असे नाही, कोणताही कागद चालेल,’ तर आडत्याचे काय बिघडते? काहीच नाही. जो कोणताही कागद घेतो, तो काटापावती घेणारच. तत्त्वतः ही मुभा निर्धोक आहे. फंक्शनच्या प्रकारांत पॅरामीटरची दिशा उलटी आणि निकालाची दिशा सुलटी असते, हे लुका कार्डेली यांनी १९८४च्या आपल्या निबंधात वारशाच्या संदर्भात मांडले होते. तरीही जावा ही मुभा देत नाही, कारण ती जागा ओव्हरलोडने आधीच अडवलेली आहे. पॅरामीटर बदलला की ओळखच बदलली. पीएचपीत ओव्हरलोड ही सोयच नाही. त्यामुळे २०१९च्या ७.४ आवृत्तीत तिने वारसाला पॅरामीटर रुंद करण्याची पूर्ण मोकळीक दिली. तत्त्व एकच, पण शेजारच्या खोलीत कोण राहते यावर उत्तर बदलते. भाषेच्या रचनेत कोणताही नियम एकटा उभा नसतो, हे यापेक्षा स्वच्छ उदाहरणाने दाखवता येणार नाही.

पॅरामीटरच्याच नियमाला एक नाजूक अपवाद आहे, तो घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतो. मूळ मेथड ‘काटापावत्यांची लिस्ट’ घेत असेल, तर वारसाला नुसती ‘लिस्ट’ घेऊन ती ओव्हरराइड करता येते. उलट मात्र चालत नाही: मूळ मेथड नुसती लिस्ट घेत असेल, तर वारसाला ‘काटापावत्यांची लिस्ट’ म्हणता येत नाही. अशी एकेरी वाट का? लिस्टमध्ये काय आहे हे सांगण्याची सोय, म्हणजे जेनेरिक्स, जावात २००४ साली आली. तोवर जगभर नुसत्या लिस्टवर लिहिलेले वारस पसरलेले होते. एखाद्या लायब्ररीने मूळ क्लास नव्या पद्धतीने लिहिला, म्हणून त्या सगळ्या वारसांना एका रात्रीत बाद ठरवायचे नव्हते. मूळ पुढे गेले तरी जुना वारस टिकला पाहिजे, म्हणून ही वाट उघडी ठेवली, आणि नेमकी तेवढीच. नियमपुस्तकाच्या रुक्ष भाषेत मागे राहिलेल्यांची इतकी नेमकी आठवण ठेवलेली पाहून लिहिणाऱ्यांविषयी आदर वाटतो.

दुसरा घटक, रिटर्न टाइप. इथे बाजू पालटते. आडत्या आता देणारा राहत नाही, घेणारा होतो. त्याला हिशेबपट्टी हवी आहे. मिरचीने प्रतवारीचा तपशील असलेली ‘मिरचीपट्टी’ दिली आणि ती हिशेबपट्टीचा वारस असेल, तर आडत्याचे काही अडत नाही; मिळाले ते मागितल्याहून जास्तच. जावाने सुरुवातीला हीसुद्धा मुभा दिली नव्हती. रिटर्न टाइप तंतोतंत तोच लागायचा. जावा ५ने ती दिली. सी प्लस प्लसच्या १९९८च्या प्रमाणात ती होती. सी शार्पला ती द्यायला २०२०ची नववी आवृत्ती उजाडावी लागली. जावाने ती कशी दिली, हे पडद्यामागचे काम तर खास पाहावे असे आहे. जावाचे यंत्र मेथड ओळखताना रिटर्न टाइपही विचारात घेते. आडत्याचा जुना, आधीच कंपाइल झालेला कोड ‘हिशेबपट्टी देणारी पट्टी’ अशी हाक मारतो, आणि मिरचीकडे आहे ‘मिरचीपट्टी देणारी पट्टी’. ही हाक वाया जाऊ नये म्हणून कंपायलर गुपचूप एक दुसरी मेथड तयार करतो. तिची सही, म्हणजे नाव, पॅरामीटर आणि रिटर्न टाइप, जुनी, आणि पोटात एकच काम: नव्या मेथडला बोलावणे. तिला ब्रिज मेथड म्हणतात. लिहिणाऱ्याला ती दिसत नाही, वापरणाऱ्याला ती जाणवत नाही, आणि दोघांचा व्यवहार सुरळीत चालतो.

या मुभेची सीमाही तितकीच विचारपूर्वक आखली आहे. मूळ मेथड ‘लाँग’ आकडा देत असेल, तर वारसाला ‘इंट’ देता येत नाही. एरवी इंटची किंमत लाँगमध्ये आपोआप भरता येते, मग इथे अडचण कसली? अडचण अशी, की ते भरणे म्हणजे रूपांतर आहे, नाते नाही. मिरचीपट्टी ही मुळातच हिशेबपट्टी असते, तिला काही करावे लागत नाही. इंटला लाँग व्हायला मात्र ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जावे लागते. म्हणून आकड्यांच्या मूळ प्रकारांना कलम सवलत देत नाही; तिथे तंतोतंत तोच प्रकार हवा. ‘चालून जाते’ आणि ‘तेच आहे’ यांतला फरक इतका नेमका ओळखणारी नजर क्वचित सापडते.

याच मुभेचा इतिहास जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत कोरलेला दिसतो. ‘ऑब्जेक्ट’ची ‘क्लोन’ मेथड ऑब्जेक्ट देते. जावा ६मध्ये आलेल्या ‘अ‍ॅरेडेक’ची क्लोन मेथड थेट अ‍ॅरेडेक देते, कारण तोवर मुभा मिळाली होती. त्याहून जुन्या ‘अ‍ॅरेलिस्ट’ची क्लोन आजही ऑब्जेक्टच देते. ती सुधारली, तर अ‍ॅरेलिस्टचा वारस करून स्वतःची क्लोन ‘ऑब्जेक्ट’ या रिटर्न टाइपने लिहिणाऱ्यांचा कोड कंपाइल व्हायचा थांबेल. वारसाला वचन उंचावता येते; मुळाने ते नंतर उंचावले, तर खालचे सगळे अपुरे पडतात. दोन भावंडांच्या दोन सह्यांत हा सगळा हिशेब वाचता येतो.

तिसरा घटक, एक्सेप्शन, तेही चेक्ड, म्हणजे सहीत जाहीर करावेच लागणारे. मूळ पट्टीने जाहीर केले असेल की ‘काटाबिघाड’ होऊ शकतो, तर आडत्याने त्या एका संकटाची तरतूद केलेली असते. वारस म्हणू शकतो, ‘माझ्याकडे बिघाड होतच नाही.’ तो म्हणू शकतो, ‘होतो, पण अमुक एकाच जातीचा.’ मात्र ‘आणखी एक नवे संकट येऊ शकते’ असे त्याला म्हणता येत नाही, कारण त्यासाठी आडत्याच्या कोडमध्ये जागाच नाही. या नियमाचा देखणा वापर ‘क्लोजेबल’च्या गोष्टीत आहे. जावा ५पासून क्लोजेबल या इंटरफेसची ‘क्लोज’ मेथड फक्त ‘आयओ एक्सेप्शन’ जाहीर करायची. २०११च्या जावा ७मध्ये वापरून झालेली साधने आपोआप बंद करण्याची सोय आणायची होती, आणि तीही केवळ फाइलींपुरती नव्हे. तेव्हा ‘ऑटोक्लोजेबल’ नावाचा नवा इंटरफेस आला. त्याच्या क्लोजला कोणतेही ‘एक्सेप्शन’ जाहीर करण्याची मोकळीक. मग क्लोजेबलला त्याचा वारस केले. वारस आधी जन्मला, मूळ नंतर, आणि तरी जुन्या कोडमधली एक ओळही बदलावी लागली नाही, कारण ‘आयओ एक्सेप्शन’ हे ‘एक्सेप्शन’चाच उपप्रकार. या साखळीच्या टोकाला असलेल्या ‘स्ट्रिंगरीडर’ची क्लोज तर काहीच जाहीर करत नाही. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर संकट आक्रसत जाते. हा उतार इतका सहज आहे, की तो कोणी घडवला आहे हे चटकन लक्षातही येत नाही.

चौथा घटक, अ‍ॅक्सेस, पटकन उरकता येतो. पब्लिक मेथड वारसाने प्रोटेक्टेड करायची नाही; प्रोटेक्टेडची पब्लिक करता येते. आडत्याला जे दार उघडे दाखवले, ते आत गेल्यावर बंद आढळू नये. इंटरफेसची मेथड लिहिताना ‘पब्लिक’ हा शब्द विसरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने या नियमाचा मार खाल्लेला आहे. मात्र प्रायव्हेट मेथडला हे काहीच लागू नाही, हेही ध्यानात घ्यावे. बाहेरच्या कोणाला ती कधी दाखवलीच नव्हती, मग कोणाचा अपेक्षाभंग होणार? वारसात त्याच नावाची मेथड आली, तर ती पूर्णपणे स्वतंत्र. जिथे वचन नाही तिथे तपासणी नाही, हा संयम मला नियमाइतकाच आवडतो.

जाणकाराने या कलमाशेजारी आयफेल भाषा ठेवून पाहावी. बर्ट्रांड मेयर यांनी १९८०च्या दशकात घडवलेल्या या भाषेने पॅरामीटरच्या बाबतीत नेमका उलटा कौल दिला. आपल्या मक्याला तिथे ओलावापावती मागता आली असती. मेयर यांचे म्हणणे असे, की प्रत्यक्ष जगात प्रकार जसजसा विशिष्ट होतो तसतशी त्याची गरजही विशिष्ट होते. ते खोटे नाही. पण विल्यम कुक यांनी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगवरच्या १९८९च्या युरोपीय परिषदेत दाखवून दिले, की त्यामुळे आयफेलच्या प्रकार-तपासणीत भोक पडते. कंपायलरने मान्य केलेला प्रोग्राम चालताना फसू शकतो. मेयर यांनीही या संकटाला नाव दिले, ‘कॅटकॉल’, आणि त्यावर उपाय शोधत राहिले. पुढे ज्युसेप्पे कास्ताञा यांनी १९९५च्या निबंधात म्हटले, की हे भांडण निष्कारण आहे: एकाच्या जागी दुसरा बसवायचा असेल तर एक दिशा, विशिष्ट मालासाठी विशिष्ट कृती निवडायची असेल तर दुसरी. आजची डार्ट भाषा यावर मधला मार्ग काढते. ‘कोव्हेरियंट’ असा शब्द लिहून पॅरामीटर अरुंद करता येतो, पण त्याची तपासणी प्रोग्राम चालताना होते. आयफेलमध्ये याहून रंजक एक गोष्ट आहे. तिच्या करारांत, म्हणजे मेथडच्या पूर्वअटींत आणि उत्तरअटींत, वारसाला पूर्वअट फक्त सैल करता येते आणि निकालाविषयीचे वचन फक्त घट्ट करता येते. म्हणजे ज्या लेखकाने प्रकारांत एक दिशा धरली, त्यानेच करारांत दुसरी सांभाळली. एकाच भाषेत दोन्ही मते नांदताना पाहणे हा रसिकाला मिळालेला बोनस आहे.

मग मक्याच्या ओलाव्याचे काय करायचे? ‘@ओव्हरराइड’ लिहिल्यावर मिळणाऱ्या कंपायलरच्या नकाराकडे पुन्हा एकदा पाहा. ओलावा हा पावतीचा गुण आहे की मालाचा? मालाचा. मग तो ‘मका’ या ऑब्जेक्टमध्येच असायला हवा. तिथे ठेवला, की पट्टी साधी काटापावती घेते, वजावट आतल्या आत करते, आणि आडत्याची ओळ जशीच्या तशी राहते. सहीवरची तक्रार खरे तर रचनेवरची टीका होती. चांगला संपादक वाक्य अडवतो आणि त्यामुळे विचारच दुरुस्त होतो, तसे हे आहे.

कलमाचे मौनही त्याच्या सौंदर्यात मोजले पाहिजे. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७च्या व्याख्यानात आणि नंतर जेनेट विंग यांच्यासह १९९४च्या निबंधात मागितले ते याहून पुष्कळ: वारसाचे वागणेही असे हवे, की मुळावर विसंबलेल्याचा कोणताही समज खोटा ठरू नये. कंपायलर इथवर येत नाही. जावा ९पासून ‘लिस्ट.ऑफ’ने बनवलेल्या यादीत नवे काही घालू पाहिले, तर ती नकार देते. तो नकार अनचेक्ड, म्हणजे जाहीर करावा न लागणाऱ्या जातीचा असल्याने कोणत्याही सहीत दिसत नाही, आणि तपासणी सुखेनैव पार पडते. क्लोजेबलच्या बाबतीतही तेच. त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिले आहे, की क्लोज दोनदा बोलावली तरी बिघडू नये. ऑटोक्लोजेबल एवढी सक्ती करत नाही. वचन उंचावले आहे, योग्य दिशेने उंचावले आहे, पण ते साध्या वाक्यात आहे, प्रकारात नाही. यंत्राला तपासता येते तेवढेच यंत्राकडे, उरलेले लिहिणाऱ्याच्या सचोटीकडे. ही वाटणी कलमाने प्रामाणिकपणे केली आहे. अर्थाची हमी दिल्याचा आव ते कुठेही आणत नाही.

शेवटी या कलमाची खरी कसोटी घेऊ. पायथनमध्ये मेथड बोलावताना पॅरामीटरचे नाव लिहूनही किंमत देता येते, ‘पावती म्हणजे ही’ असे म्हणून. आडत्याच्या ओळीजवळ उभे राहा आणि विचारा: अशा भाषेत वारसावर आणखी कोणते बंधन हवे? उत्तर न शिकवता सुचते. वारसाने पॅरामीटरचे नावही बदलता कामा नये, नाहीतर नावाने दिलेली पावती पोहोचणारच नाही. पायथनचा तपासनीस पायराइट नेमका यावर बोट ठेवतो. कॉटलिनचा कंपायलर याच कारणासाठी इशारा देतो. जावात नावाने हाक मारता येत नाही, म्हणून ८.४.८.३मध्ये हा नियम नाही. पाच नियम नीट वाचणाऱ्याला न लिहिलेला सहावा नियम सापडावा, आणि तो मुळात का लिहिला नाही हेही कळावे, यातच त्या कलमाची थोरवी आहे.